मुक्काम आधी, मजल नंतर

मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात, अमेरिकेच्या सीमेपासून साधारण साडेतीनशे किलोमीटर दक्षिणेला एल रोसारियो नावाचं छोटं गाव आहे. पॅसिफिक महासागर उजव्या हाताला ठेवून आलेला महामार्ग या गावात काटकोनात डावीकडे वळतो आणि वाळवंटात शिरतो. वळणाच्या अलीकडे पेट्रोल पंप आहे. त्यानंतरचा भरवशाचा पंप थेट विया हेसुस मारिया इथे, म्हणजे सुमारे 320 किलोमीटरवर. डिसेंबर महिना आहे, दुपारचा दीड वाजला आहे, आकाश निरभ्र आहे, चालक ताजातवाना आहे आणि पिकअपच्या मागे बारा मीटर लांबीचा ट्रेलर जोडलेला आहे. साध्या मोटारीतला प्रवासी इथे टाकी भरून निघून जाईल. ट्रेलरवाल्याने मात्र इथेच थांबावं. त्याच्याजवळ उजेडाचे जेमतेम तीन तास उरलेले असतात आणि तेवढ्यात पुढच्या मुक्कामाला पोचून, जागा पायी पाहून, ट्रेलर उभा करून होईलच याची खात्री नसते.

वाळवंटी किनाऱ्यावर मोठा ट्रेलर ओढताना सगळं नियोजन याच एका गोष्टीभोवती फिरतं. आधी रात्री थांबण्याची जागा ठरवायची आणि तिथून मागे हिशोब करत सकाळी किती वाजता निघायचं, इंधन कुठे घ्यायचं, पाणी किती भरायचं हे ठरवायचं. इतर प्रवासात रस्ता आधी ठरतो आणि मुक्काम वाटेत सापडतो. इथे तसं केलं, तर अंधार पडताना अशा ठिकाणी अडकण्याची वेळ येते जिथे पुढेही जाता येत नाही आणि गाडी मागेही फिरवता येत नाही.

तिहुआनापासून दक्षिण टोकाच्या काबो सान लुकासपर्यंत जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 1 सुमारे 1700 किलोमीटर लांबीचा आहे. तो सलग डांबरी झाला 1973 मध्ये. त्याआधी द्वीपकल्पाच्या मधल्या भागात दगडधोंड्यांची आणि वाळूची वाट होती, आणि तिच्यावरून 1967 मध्ये मोटारींची एक कठीण शर्यतही सुरू झाली होती. रस्ता बांधताना खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी तो अरुंद ठेवला गेला. जुन्या भागांत दोन्ही मार्गिका मिळून डांबराची रुंदी कशीबशी सहा मीटर भरते. साइडपट्टी बहुतेक ठिकाणी नाहीच. डांबर संपलं की भराव सरळ खाली उतरतो, कुठे हातभर, कुठे पुरुषभर.

आता ट्रेलरचं माप या रस्त्याशेजारी ठेवून पाहावं. अमेरिकेत मोठ्या ट्रेलरची रुंदी 2.59 मीटरपर्यंत असते. समोरून येणारा मालट्रकही जवळपास तेवढाच रुंद. दोघांचे मिळून पाच मीटर वीस सेंटिमीटर होतात, त्यात दोन्ही गाड्यांचे बाहेर आलेले आरसे धरले की मधे आणि कडेला मिळून उरते ती फूट-दोन फूट जागा. आरशाला आरसा घासून फुटणं हा या रस्त्यावरचा सगळ्यात नेहमीचा अपघात आहे. समोर ट्रक दिसला की अनुभवी चालक वेग उतरवतो, नजर पांढऱ्या कडेच्या रेषेवर ठेवतो आणि उजवं चाक त्या रेषेच्या आत राखतो. असं तासन्‌तास करावं लागतं. त्यामुळे इथे तीनशे किलोमीटरनंतर येणारा थकवा रुंद द्रुतगती मार्गावरच्या सहाशे किलोमीटरइतका असू शकतो.

दिवसाचा हिशोब मग असा बसतो. सकाळी आठला निघायचं आणि दुपारी तीनला उभं राहायचं. मधल्या सात तासांतून इंधन, जेवण, लष्कराच्या तपासणी चौक्या आणि टायर-ब्रेक पाहण्याचे थांबे यांचा दीड तास वजा करावा. उरलेल्या साडेपाच तासांत ट्रेलरसह सरासरी वेग ताशी 55 किलोमीटर धरला, तर तीनशे किलोमीटर होतात. ही वरची मर्यादा झाली. प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास ठेवलेला दिवस सुखाचा जातो.

तीन वाजताच का, तर त्याचं उत्तर सूर्य देतो. द्वीपकल्पाचा मधला भाग साधारण दिल्लीच्या अक्षांशावर येतो आणि ट्रेलरवाल्यांचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च असा थंडीचा असतो. डिसेंबरात दिवस सव्वादहा तासांचाच. त्यात उत्तरेकडचं बाहा कॅलिफोर्निया राज्य अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेवर चालतं, म्हणून वाळवंटाच्या त्या पट्ट्यात घड्याळात पावणेपाच वाजायच्या आधीच सूर्य मावळतो. अठ्ठाविसाव्या अक्षांशावर दक्षिणेकडच्या बाहा कॅलिफोर्निया सूर राज्याची हद्द लागते आणि हिवाळ्यात घड्याळ एक तास पुढे करावं लागतं. उजेड तेवढाच, पण घड्याळाच्या भरवशावर राहणाऱ्याची गफलत होते. तिथल्या ट्रेलर पार्कच्या कचेऱ्या नव्या वेळेने बंद होतात.

अंधारात हा रस्ता का टाळायचा, याची कारणं अगदी ठोस आहेत. दोन्ही बाजूंना गुरांचे मळे आहेत आणि कित्येक ठिकाणी कुंपण नाही. रात्री डांबर भोवतालच्या जमिनीपेक्षा उबदार राहतं, म्हणून गुरं रस्त्यावर येऊन बसतात. काळ्या रस्त्यावर बसलेली काळी गाय दिव्यांच्या उजेडात येते तेव्हा सहा-सात टनांचा ट्रेलर थांबवायला अंतर उरलेलं नसतं आणि बाजूला काढायला साइडपट्टी नसते. ठिकठिकाणी रस्ता कोरड्या ओढ्याच्या पात्रात उतरतो आणि फरशीवरून पलीकडे चढतो. पाऊस डोंगरात पडला तरी इथे पाणी येतं आणि रात्री ते दिसत नाही. मदतीचंही तसंच आहे. ‘आन्हेलेस वेर्देस’, म्हणजे हिरवे देवदूत, ही मेक्सिको सरकारची गस्त सेवा वाटेत बंद पडलेल्या प्रवाशांना मदत करते; 078 हा तिचा क्रमांक. पण ती दिवसा फिरते आणि एल रोसारियोच्या पुढे मोठ्या पट्ट्यात मोबाइलला संपर्कच मिळत नाही.

तीनशेची मर्यादा नकाशावर ठेवली की मुक्काम जवळपास आपोआप ठरत जातात. एल रोसारियो ते गेर्रेरो नेग्रो हे अंतर सुमारे 355 किलोमीटर, म्हणजे एका दिवसाच्या बाहेर. मधे 120 किलोमीटरवर काताविन्या नावाची वस्ती आहे आणि पहिला वाळवंटी मुक्काम तिथेच पडतो. घराएवढे गोलसर ग्रॅनाइटचे दगड, त्यांच्यामधून उभे राहिलेले पंधरा मीटरहून उंच कार्दोन निवडुंग आणि सिरिओ नावाची उलट्या गाजरासारखी निमुळती, विचित्र झाडं. ही झाडं जवळजवळ फक्त याच द्वीपकल्पात वाढतात आणि त्यांच्यासाठी इथला प्रचंड प्रदेश संरक्षित ठेवलेला आहे. देखणेपणात या मुक्कामाची बरोबरी करणारी जागा वाटेत दुसरी नाही, पण सोयी जवळपास शून्य. रस्ता खुला झाला त्या काळात सरकारने ठरावीक अंतरांवर हॉटेलं आणि त्यांच्या जोडीला ट्रेलर पार्क उभारले होते. वीज-पाण्याच्या जोडण्या असलेले ते पार्क पुढे देखभालीअभावी बंद पडले किंवा नुसत्या मोकळ्या जागा होऊन राहिले. म्हणून नकाशात ‘ट्रेलर पार्क’ लिहिलेलं दिसलं तरी तिथे नळाला पाणी आणि खांबावर वीज असेल असं धरून चालू नये. रस्त्याकडेला पिंपात भरून ठेवलेलं इंधन चढ्या भावाने मिळतं. ते अडीनडीला घ्यावं, त्यावर बेत आखू नये.

इंधनाचा हिशोब कागदावर करणं इथे अत्यावश्यक आहे. मोठा ट्रेलर ओढणारा पिकअप लिटरला साधारण चार किलोमीटर जातो. 320 किलोमीटरला 80 लिटर. टाकी 130 लिटरची असेल तर काळजी नाही असं वाटतं. पण समोरून वारा लागला आणि चढ आले की हेच प्रमाण लिटरला तीनवर उतरतं, मग 107 लिटर लागतात आणि हाताशी तेवीसच उरतात. टाकी लहान असलेल्याने डबे बरोबर घ्यावेत. एल रोसारियोच्या पंपावर कधी वीज गेलेली असते, कधी टँकर आलेला नसतो, म्हणून शहाणे चालक अलीकडच्या सान किंतीनमध्ये एकदा टाकी भरतात आणि एल रोसारियोत पुन्हा काठोकाठ करतात.

मुक्कामाची जागा निवडताना एक मुद्दा नकाशावर दिसत नाही, तो या रस्त्याच्या रिवाजातून येतो. मेक्सिकोत वाहनं उजवीकडून चालतात. पुढचा ट्रकचालक डावा दिवा लुकलुकवतो तेव्हा त्याचा अर्थ बहुधा ‘समोर मोकळं आहे, ओलांडून जा’ असा असतो. पण डावीकडे वळणाराही तोच दिवा लावतो. कल्पना करावी: ट्रेलरवाल्याला डाव्या हाताच्या पार्कमध्ये वळायचं आहे, तो दिवा लावून वेग कमी करतो, मागचा ट्रकवाला ती परवानगी समजून ओलांडायला बाहेर पडतो आणि सोळा-सतरा मीटरचं धूड त्याच्या आडवं येतं. असे भीषण अपघात झाले आहेत. म्हणून दोन मुक्काम सारखेच असतील तर जाण्याच्या दिशेने उजवीकडचा घ्यावा. डावीकडचाच हवा असेल तर आधी उजव्या बाजूला रुंद जागा शोधून थांबावं, मागची सगळी वाहनं पुढे जाऊ द्यावीत आणि मगच वळावं. याच कारणाने परतीच्या वाटेवरचे मुक्काम जातानाच्या मुक्कामांपेक्षा वेगळे निघू शकतात.

काताविन्याहून पुढचे 233 किलोमीटर गेर्रेरो नेग्रोपर्यंत नेतात. हे गाव मिठावर जगतं. इथली मिठागरं जगातल्या सर्वांत मोठ्या मिठागरांपैकी आहेत आणि शेजारच्या ओहो दे लिएब्रे खाडीत जानेवारी ते मार्च या काळात करडे देवमासे पिलांना जन्म द्यायला येतात. या खाडीला आणि सान इग्नासिओच्या खाडीला मिळून युनेस्कोने 1993 मध्ये जागतिक वारसा ठरवलं. ट्रेलरवाल्याच्या दृष्टीने गाव सपाट आहे, रस्ते रुंद आहेत, पंप, बाजार, टायरवाले, पाणी सगळं आहे. पॅसिफिकचं धुकं सकाळी बराच वेळ रेंगाळतं, तेव्हा इथून निघण्याची वेळ नऊची धरलेली बरी. देवमाशांच्या हंगामात मात्र इथे आणि सान इग्नासिओत जागा आधी सांगून ठेवावी लागते. राज्याच्या हद्दीवर शेतमालाची तपासणी होते, फळं काढून घेतली जातात, वाहनाच्या खालच्या भागावर औषध फवारतात आणि त्याची किरकोळ फी घेतात.

यापुढचा टप्पा ठरवताना नवखे लोक मोहात पडतात. गेर्रेरो नेग्रोपासून बाईया कोन्सेप्सिओन या खाडीचे निळे किनारे बरोबर तीनशे किलोमीटरवर आहेत, म्हणजे हिशोबात बसतात. तरीही तो दिवस तोडावाच. कारण शेवटच्या तासांत सांता रोसालियाच्या अलीकडचा उतार येतो. त्याचं नावच ‘कुएस्ता देल इन्फिएर्नो’, नरकाचा घाट. ज्वालामुखीच्या पठारावरून रस्ता तीव्र वळणं घेत द्वीपकल्पाच्या पूर्वेच्या कोर्तेसच्या समुद्राकडे उतरतो. इथे वरूनच खालच्या गिअरमध्ये यावं लागतं. ट्रेलरचे ब्रेक तापले की पकड सोडतात आणि मागचं वजन पिकअपला ढकलू लागतं. असा उतार दमलेल्या हातांनी दुपारी उतरण्यापेक्षा सकाळी उतरावा.

म्हणून मुक्काम सान इग्नासिओ, गेर्रेरो नेग्रोपासून 145 किलोमीटरवर. विस्काइनोच्या करड्या वाळवंटातून तासन्‌तास गेल्यावर एकाएकी हजारो खजुरांची गर्द हिरवी खोलगट जागा समोर येते. जमिनीतून वर येणारं पाणी इथे तळ्यासारखं साठतं. जेझुइट पाद्र्यांनी 1728 मध्ये मिशन स्थापलं ते याच पाण्यासाठी, आणि खजूरही त्यांनीच आणला. गावच्या चौकातलं दगडी चर्च पुढे डोमिनिकन पाद्र्यांनी 1786 मध्ये पुरं केलं. द्वीपकल्पातल्या मिशनांचा इतिहास पाहिला की आजच्या मुक्कामांचं कोडं उलगडतं. लोरेतो 1697, मुलेहे 1705, सान इग्नासिओ 1728: प्रत्येक ठिकाण पाण्यावर वसलं आणि खेचरांचे तांडे एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत चालत. आजही महामार्ग जवळपास त्याच ठिकाणांना जोडत जातो. गाड्या बदलल्या, पण पाणी जिथे होतं तिथेच आहे.

पाण्याचा प्रश्न ट्रेलरलाही सुटत नाही, फक्त त्याचं रूप बदलतं. मोठ्या ट्रेलरमध्ये दोनशे ते तीनशे लिटरची टाकी असते. तीनशे लिटर म्हणजे तीनशे किलो वजन, आणि ते वजन प्रत्येक चढाला इंधन खातं, प्रत्येक उताराला ब्रेक तापवतं. पण काताविन्यासारख्या ठिकाणी दोन दिवस अडकावं लागलं तर तेच पाणी आधार असतं. त्यामुळे कोरड्या पट्ट्याआधी पूर्ण भरावं आणि गावांच्या पट्ट्यात निम्म्यावर ठेवावं, हा मार्ग योग्य वाटतो. जवळपास प्रत्येक गावात शुद्ध पाणी विकणारी दुकानं असतात, तिथे वीस लिटरचे जार स्वस्तात भरून मिळतात. पिण्यासाठी ते वेगळे ठेवावेत आणि टाकीतलं पाणी धुण्या-आंघोळीला वापरावं. सांडपाणी आणि मैला यांच्या टाक्या रिकाम्या करण्याची सोय मात्र मोजक्याच ठिकाणी असते. गेर्रेरो नेग्रो, लोरेतो, ला पास अशा ठिकाणच्या सोयी असलेल्या पार्कमध्ये एक रात्र काढणं हे त्या टाक्यांसाठी असतं. किनाऱ्यावर किती दिवस राहता येईल, हे बहुतेक वेळा मैल्याची टाकीच ठरवते. ती वाळूत किंवा झुडपांत सोडून देणारे प्रवासी पुढच्यांसाठी किनाराच बंद करून टाकतात. असे काही किनारे वाहनांना बंद झालेही आहेत.

सान इग्नासिओहून सकाळी निघालं की त्रेस विर्हेनेस ज्वालामुखींच्या पायथ्यावरून, नरकाचा घाट उतरून, सांता रोसालियाला दहा-साडेदहाला पोचता येतं. एल बोलेओ या फ्रेंच तांब्याच्या कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वसवलेलं हे गाव लाकडी घरांचं आहे आणि इथलं लोखंडी चर्च गुस्ताव्ह आयफेलच्या नावाशी जोडलं जातं. चर्च पाहायला ट्रेलर गावाच्या गल्ल्यांत घालू नये, महामार्गालगत समुद्राकडे उभा करून चालत जावं. पुढचं मुलेहे तर याहून अरुंद. कमानीतून आत शिरलेला मोठा ट्रेलर बाहेर काढायला अर्धं गाव गोळा होतं. जुन्या गावात ट्रेलर न्यायचा नाही, हा नियम संपूर्ण द्वीपकल्पात पाळावा.

मग येते बाईया कोन्सेप्सिओन, तीस-चाळीस किलोमीटर आत शिरलेली खाडी, शांत आणि उथळ. सांतिस्पाक, एल कोयोते, एल रेकेसोन हे तिचे प्रसिद्ध किनारे. झापांनी शाकारलेल्या खोप्या, त्यांच्यासमोर ओळीने उभे राहिलेले ट्रेलर आणि दाराशी पाणी. वीज नाही, नळ नाही. सकाळी स्थानिक विक्रेते मासे, कोळंबी, भाजी, पाणी घेऊन गाडीपाशी येतात. रात्रीचं भाडं नाममात्र असतं आणि ते संध्याकाळी एखादा माणूस येऊन घेऊन जातो.

इथला मुक्काम सोपा दिसतो, पण सगळ्यात जास्त ट्रेलर इथेच रुततात. महामार्गावरून किनाऱ्याकडे उतरणारी वाट कच्ची, उताराची आणि वळणाची असते. ट्रेलर वर थांबवून आधी पायी खाली जावं हे उत्तम, पण साइडपट्टी नसलेल्या रस्त्यावर थांबायचं कुठे हाही प्रश्न असतो. त्यासाठी सोबत दुसरं वाहन असणाऱ्यांना फायदा मिळतो: एक गाडी पुढे जाऊन जागा पाहते आणि रेडिओवर सांगते. खाली पोचल्यावर वाळूचा रंग पाहावा. गाड्यांच्या चाकोऱ्यांनी घट्ट झालेली राखाडी वाट वजन पेलते. तिच्या दोन मीटर बाजूची पांढरी, भुसभुशीत वाळू पेलत नाही. भरती-ओहोटीही लक्षात घ्यावी, एल रेकेसोनची वाळूची पट्टी भरतीला पाण्याखाली जाते. किनाऱ्यावर पोचण्याची योग्य वेळ अकरा ते बारा. तेव्हा निघणारे निघालेले असतात, येणारे अजून आलेले नसतात, वळवायला जागा मिळते. सान इग्नासिओपासून हे अंतर सुमारे 155 किलोमीटर आहे, म्हणूनच तो मुक्काम तिथे घ्यायचा.

हिवाळ्यात उत्तरेचा जोरदार वारा कधी कधी सलग तीन-चार दिवस वाहतो. ट्रेलरची छत्री उघडी राहिली तर ती मोडते. अशा दिवशी उंच ट्रेलर घेऊन खाडीवरच्या कड्याच्या रस्त्याला लागणं धोक्याचं आहे. म्हणून वेळापत्रकात मोकळे दिवस ठेवावे लागतात. ज्याला ठरावीक तारखेला परत पोचायचंच आहे तो वाऱ्यात निघतो.

कोरड्या ओढ्याचं पात्र मुक्कामाला कितीही सपाट आणि आडोशाचं वाटलं तरी तिथे थांबू नये. उन्हाळ्याच्या शेवटी येणारी चक्रीवादळं हे पात्र तासाभरात भरून टाकतात. सप्टेंबर 2014 मधल्या ओदिल वादळाने दक्षिण टोकाला हाहाकार उडवला होता. ऑगस्ट ते ऑक्टोबर या महिन्यांत ट्रेलर घेऊन इकडे यावंच कशाला, असा प्रश्न आहे; उष्माही तेव्हा असह्य असतो.

प्रत्येक मुक्कामाला अलीकडचा एक पर्याय हवा. टायर फुटणं इथे नित्याचं आहे. खड्डे, डांबराच्या तुटलेल्या कडा आणि उष्णता यांचा सगळा मार ट्रेलरच्या टायरना बसतो. टायर बदलण्यात दीड तास गेला की तीनचे साडेचार होतात. त्या वेळी नकाशावर चाळीस किलोमीटर अलीकडे एखादा मळा, पंपामागचं मोकळं आवार, हॉटेलचं पटांगण आधीच खूण करून ठेवलेलं असेल, तर माणूस शांतपणे तिकडे वळतो. दोन सुटे टायर आणि चाकांच्या दांड्याजवळचं तापमान प्रत्येक थांब्यावर तपासणं ही सवय उपयोगी पडते. एका चाकाचा भाग इतरांपेक्षा खूप तापला असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक बिघडू लागला आहे हे तिथेच कळतं.

हा सगळा खटाटोप नको असणाऱ्यांसाठी आता दुसरी वाटही आहे. मेहिकालीहून सान फेलिपेमार्गे, कोर्तेसच्या समुद्राच्या कडेने येणारा महामार्ग क्रमांक 5 गेल्या काही वर्षांत पूर्ण डांबरी झाला आणि लागुना चापालाजवळ जुन्या महामार्गाला मिळतो. तो रुंद आहे, बऱ्याच भागात साइडपट्टी आहे. अगदी मोठ्या ट्रेलरसाठी जाताना हीच वाट बरी. मात्र पुढचा जुना महामार्ग टळत नाही.

कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ही वाट हाताशी आहे. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा कायम वास्तव्याचा परवाना असेल तर मेक्सिकोसाठी वेगळा व्हिसा लागत नाही, पर्यटक परवाना मात्र घ्यावा लागतो. अमेरिकेतला वाहन विमा मेक्सिकोत चालत नाही. पिकअप आणि ट्रेलर दोन्हींसाठी मेक्सिकन विमा घ्यावा. अमेरिकेतल्या बहुतेक भाड्याच्या कंपन्या आपली वाहनं सीमेपार नेऊ देत नाहीत, तेव्हा करार नीट वाचावा. महाराष्ट्रातही 2021 मध्ये राज्याने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि त्यात कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना आहे. असे पार्क आखताना बाहाच्या मोडक्या पार्कची हकीकत डोळ्यांसमोर ठेवण्यासारखी आहे: जागा देणं सोपं, वीस वर्षं नळाला पाणी ठेवणं अवघड.

बाईया कोन्सेप्सिओनहून पुढे लोरेतोपर्यंत रस्ता पुन्हा समुद्राशी लपंडाव खेळतो. लोरेतोला दोन रात्री काढाव्यात, टाक्या रिकाम्या कराव्यात, कपडे धुवावेत. पुढे ला पास 355 किलोमीटर, म्हणजे पुन्हा मर्यादेबाहेर. सिएर्रा दे ला हिगांताचा चढ ओलांडून सिउदाद कोन्स्तितुसिओन या शेतीच्या गावात थांबावं. तिथे पाहण्यासारखं फारसं काही नाही, त्यामुळे प्रवासवर्णनांत त्याचा उल्लेख येत नाही. पण रुंद सरळ रस्ते, मोठा बाजार आणि सपाट जमीन यामुळे मोठ्या ट्रेलरसाठी ते आदर्श आहे. तिथून ला पास 210 किलोमीटर.

ला पासजवळच्या पिचिलिंगे बंदरातून मासात्लान आणि तोपोलोबांपोला फेरी बोटी जातात आणि भाडं वाहनाच्या लांबीवर आकारतात, तेव्हा पिकअपच्या टोकापासून ट्रेलरच्या मागच्या बंपरपर्यंत टेप लावून मोजलेली लांबी हाती असावी. बाहाच्या द्वीपकल्पावर वाहनाचा तात्पुरता आयात परवाना लागत नाही, पण समुद्र ओलांडून मेक्सिकोच्या मुख्य भूमीवर जायचं तर तो लागतो. परवाना बंदरावरच मिळतो. कागद तपासण्यात आणि रांगेत अख्खा दिवस जाऊ शकतो, म्हणून फेरीच्या आदल्या रात्रीचा मुक्काम ला पासमध्येच धरावा.